घरटी एक मत

आमच्या गावकीच्या इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते. शाळेतून निवृत्त झालो त्याच शिमग्याला दुकानवाल्या धाकूने ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय." अक्षर चांगलं असलं की माणसाच्या गळ्यात काय काय पडतं त्याचा मी नमुना आहे. वहीचं कुठलंही पान उघडा, ठरावाखाली एकच शब्द सापडेल: सर्वानुमते. देवळाचे पत्रे सर्वानुमते, पाण्याची टाकी सर्वानुमते, पालखी आधी कुठल्या आळीत न्यायची यावरून डोकी फुटली, तीसुद्धा शेवटी सर्वानुमते मिटली. पंधरा वर्षांत हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल. त्यातले तीन खोडता आले असते तर मी आज बरा झोपलो असतो. ते तिन्ही प्रणयबद्दलचे आहेत.

प्रणय हा भागोजीचा मुलगा. भागोजी म्हणजे बोर्लीपासून दिवेआगरपर्यंतच्या बागायतदारांचा लाडका माणूस. सुपारीच्या झाडावर एकदा चढला की खाली उतरायचा नाही. झाड झुलवून शेंड्यावरूनच शेजारचं झाड धरायचा, अशी अख्खी रांग उतरवून मगच पाय जमिनीला लावायचा. असा माणूस झाडावरून पडला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण तो पडला घराच्या पडवीत, चहाचा कप हातात असताना. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळी नाही, एक शब्द उरला: व्हय. भूक लागली, व्हय. पाणी नको, तरी व्हय. नाही म्हणायचं असलं तरी तोंडातून व्हयच बाहेर पडतं, आणि मग तो स्वतःवर चिडून डावा हात खाटेवर आपटतो. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ही खूण पाठ झाली आहे. हात आपटला की नाही, हात स्वस्थ राहिला की हो.

प्रणय तेव्हा बेलापूरला एका कचेरीत माहिती भरायचं काम करत होता. आई आधीच वारलेली, बहीण म्हसळ्याला सासरी. नोकरी सोडून तो गावी आला. वय अठ्ठावीस, अंगाने काटकुळा, बोलणं इतकं हळू की शाळेत मी त्याला कायम पहिल्या बाकावर बसवत असे. दांडगा बाप त्याच्या एकट्याच्याने उचलवत नसे. रोज सकाळी वरच्या आळीतून धाकू येतो, भागोजीला उचलून न्हाणीत नेतो, अंघोळ घालतो, परत आणून निजवतो. दुपारचं जेवण खालच्या आळीतली येसूबाई आणते, मऊ भात आणि काटे काढलेला मासा, आणि स्वतःच्या हाताने भरवते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी उपकार म्हणून बोलूनही दाखवत नाही. आमच्या गावाला नावं ठेवायला मी सर्वांत पुढे असतो, पण हेही लिहिलं पाहिजे.

बेलापूरच्या कचेरीतल्या एक मॅडम प्रणयला ओळखून होत्या. मुलगा प्रामाणिक आहे, मोबाईलवर बघून बघून प्रोग्रामिंग शिकतोय, हे त्यांना ठाऊक होतं. त्या आता तिथल्याच दुसऱ्या कंपनीत गेल्या होत्या. त्यांनी शब्द दिला, "एक साईट करून दाखव. खरी, चालू असलेली, जिच्यावर खरी माणसं बुकिंग करतात. दिवाळीपर्यंत दाखवलीस तर तुला घरून काम देते. नाहीतर इथे ऑफिसात यावं लागेल."

घरून काम म्हणजे बापाजवळ राहणं. बेलापूर म्हणजे बाप गावात आणि मुलगा तिकडे. प्रणयपुढे एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला त्याच्याकडे नऊ महिने होते.

साईट कशाची करायची हेही त्याच्या मनात पक्कं होतं. आमच्या गावात चौदा घरं पर्यटकांना खोल्या देतात. पाहुणा आला की धाकूच्या दुकानात फोन येतो, आणि ज्या घराची पाळी असेल तिकडे धाकू त्याला पाठवतो. पाळी चुकली तर महाभारत. ही पाळी सांभाळणारी, खोल्यांचे फोटो दाखवणारी साईट करायची. प्रणयने माझ्या पडवीत बसून मला सगळं समजावलं. मग म्हणाला, "गुरुजी, फक्त एकच अडलंय. फ्रेमवर्क कुठलं घेऊ तेच कळत नाही."

मी आयुष्यभर मराठी आणि गणित शिकवलं. म्हटलं, ते काय असतं? तो म्हणाला, "लग्नाच्या मांडवाचा सांगाडा भाड्याने आणतो ना, तसं. खांब, आडवे दांडे, जोड, सगळं तयार. आपण फक्त पडदे आणि खुर्च्या लावायच्या. पण एकाचे खांब आणले की दुसऱ्याचे जोड त्याला बसत नाहीत. बदलायचं म्हटलं तर मांडव उतरवायचा."

"मग चांगलं कुठलं ते बघ आणि घे."

"तेच तर. एक जण सांगतो हे शीक, नोकऱ्या यातच आहेत. दुसरा सांगतो ते आता मेलं. तिसरा म्हणतो मेलं नाही, तूच चुकीचं शिकतोयस. दोन महिने मी नुसता लोकांचा वाद वाचतोय, गुरुजी. निवडायला जे कळायला हवं, ते निवडून वर्षभर काम केल्याशिवाय कळतच नाही."

मला हे वाक्य फार आवडलं होतं. मान डोलावून मी त्याला चहा दिला आणि विषय संपवला. त्याला वाक्याची दाद नको होती, कुणीतरी एक नाव सांगायला हवं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मग प्रणयने ती चूक केली जी आमच्या मुलखातलाच पोरगा करू शकतो. त्याने विषय गावकीत मांडला. बिचाऱ्याचा हेतू असा, की गावातली दोन पोरं कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपन्यांत आहेत, धाकूचा पुतण्या अल्पेश ऐरोलीला आणि येसूबाईचा मुलगा विनेश पुण्याला. विचारलं तर उद्या अडल्यावर हात देतील. पण विषय एकदा गावकीत गेला की तो मांडणाऱ्याचा राहत नाही, गावाचा होतो. सर्वांचं एकमत होईपर्यंत नारळ फुटत नाही आणि नारळ फुटेपर्यंत काम सुरू होत नाही. त्यात आमचा जुना नियम, घरटी एक मत. घरातला कर्ता माणूस जिवंत असेल तर तोच बोलणार. म्हणजे प्रणयच्या घरचं मत भागोजीचं.

शिमग्याला मुंबईकर मंडळी आली. देवळापुढे सकाळी बैठक बसली. भागोजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं होतं. धाकू उभा राहिला. "आमचा अल्पेश सांगतो रिअ‍ॅक्ट घ्या. जगात सगळी तेच वापरतात. काय अल्पेश?" अल्पेशने मान हलवली. विनेशला त्या वर्षी रजा नव्हती. मी एकेका घराचं नाव वाचत गेलो आणि एकेक घर हो म्हणत गेलं. येसूबाई घरची कर्ती, तीही म्हणाली, "माला काय कळतंय त्यातलं, घ्या." भागोजीचं नाव वाचलं. तो म्हणाला, "व्हय." नारळ फुटला. मी लिहिलं, सर्वानुमते.

खरं सांगतो, तो दिवस चांगला होता. प्रणय इतका हलका झाला होता की घरोघर जाऊन स्वतः पुरणपोळ्या खाऊन आला. कुणीतरी एक नाव सांगितलं होतं. देवळामागच्या कट्ट्यावर रेंज येते, तिथे जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन तो बसू लागला. दर तासाला उठून घरी जायचा, बापाला कुशीवर वळवायचा, परत यायचा. मे महिन्यात त्याने मला पडद्यावर चौदा घरं दाखवली. येसूबाईच्या घराच्या फोटोवर बोट लावलं की तिची खोली उघडायची, खिडकीतून नारळ दिसायचा. मी बोट लावलं, उघडलं. पुन्हा लावलं. मलाच पोरकट आनंद झाला.

मेच्या सुट्टीत विनेश आला, आणि त्याच्याशी बोलताना येसूबाईच्या ध्यानात आलं की शिमग्याला आपण घ्या म्हटलं ते वरच्या आळीच्या पोराचं होतं. बाई मुळात भांडखोर नाही. पण मुलगा पुण्याला एवढा मोठा इंजिनिअर, आणि त्याला कुणी विचारलं नाही, हे तिला लागलं. बैठकीत तिने पदर खोचला. "आमचा इनेश गावाचा न्हाय काय? त्याला इचारलंव कुनी?"

विनेश संकोचाने म्हणाला, "मी असतो तर अँग्युलर सांगितलं असतं. मोठ्या कामाला तेच बरं. पण आता सुरू केलंय तर..."

त्याचं "पण" कुणी ऐकलं नाही. खालची आळी नाराज राहिली तर एकमत मोडतं, आणि एकमत मोडलं तर पुढच्या पालखीला काय होईल हे सगळ्यांना दिसत होतं. वरच्या आळीने समजूतदारपणा दाखवला, अँग्युलरला हो म्हटलं. आमच्याकडचा समजूतदारपणा नेहमी दुसऱ्याच्या कामावर दाखवला जातो. प्रणय हात वर करून उभा राहिला. "मी एक बोलू?"

धाकू प्रेमाने म्हणाला, "बस रे बाबा. भागोजी बसलाय न्हाय? घरटी एकच."

भागोजीचं नाव वाचलं. "व्हय," तो म्हणाला. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर एकदा आपटला. डास मारला असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि लिहिलं, सर्वानुमते.

नंतर मी प्रणयला बाजूला घेऊन म्हटलं, तू कर तुझं चालू आहे तेच, कुणाला काय कळतंय? तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "विनेश बघणार आहे ना, गुरुजी. येसूकाकीला सांगेल. ती काही बोलायची नाही, जेवण आणेलच. पण तिच्या हातचा घास बाबा खाणार आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलणार?"

मी वही काखेत मारून घराकडे वळलो.

पावसाळा त्याने अँग्युलरमध्ये काढला. ते शिकायला अवघड, असं तो म्हणायचा, पण तक्रार करत नव्हता. विनेश रविवारी फोनवर सांगायचा. पाळीचा भाग जुळत आला होता, म्हणजे एका घराची खोली भरली की पुढच्या घराचं नाव आपोआप वर येत होतं. चौदा घरांचे फोटो मात्र अजून पुन्हा चढवायचे होते.

गणपतीला अल्पेश आला. आपण सुचवलेलं नाव गाळलं गेलं हे त्याला ऐरोलीतच कळलं होतं. तो काही बोलला नाही, पण धाकू बोलला. "ठरलेला ठराव फिरवायचा तर वही ठेवायची कशाला?" झालं. दोन्ही आळ्या समोरासमोर. घरात गणपती बसलेला आणि देवळापुढे ही शोभा. या वेळी गाव वाचवायला कोण उठला असेल? मी. मला फार वर्षांपासून वाटत आलंय की भांडण मिटवावं तर मीच.

मी प्रणयला विचारलं, "तिसरं काही आहे का रे? या दोघांव्यतिरिक्त?"

तो खाली बघत म्हणाला, "व्ह्यू म्हणून एक आहे."

"गावातलं कुणी त्यात काम करतं?"

"नाही."

"मग झालं तर!" मी विजयाने म्हणालो. "जे कुणाच्याच पोराचं नाही ते घ्या. दोन्ही आळ्यांचा मान राहिला." गावकीचा अध्यक्ष आम्ही असाच निवडतो, टाकीची जागा अशीच ठरली, मला त्यात गैर काहीच दिसलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकू आणि येसूबाई एकमेकांकडे बघून हसले. मी नावं वाचायला सुरुवात केली.

भागोजीची पाळी आली. "व्हय," तो म्हणाला आणि त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा इतक्या जोराने की खुर्ची सरकली. तो माझ्याकडे बघत होता. डास नव्हता, मी पाहिलं. माझ्या हातात पेन होतं, टाळ्या चालू होत्या, आरतीची वेळ होत आली होती. मी लिहिलं, सर्वानुमते. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

दिवाळीला सात आठवडे उरले होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते मी समोर बघितलं. आता अडलं तर विचारायचं कुणाला? अल्पेश म्हणाला, मी त्यात काम केलेलं नाही. विनेश म्हणाला, माझा विषय नाही. दोघंही खरंच बोलत होते. एका चुकीवर प्रणय नऊ दिवस अडून बसला. पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी यायचं, तो वाचायचा, काहीतरी बदलायचा, पुन्हा तेच यायचं. मी शेजारी जाऊन बसायचो, केळी घेऊन. केळ्यांनी काय होणार होतं? दहाव्या दिवशी ती चूक गेली आणि दुसरी आली. "बाबांना कसं वाटत असेल ते आता कळतं," तो एकदा म्हणाला. "म्हणायचं एक असतं आणि बाहेर भलतंच येतं."

सकाळी धाकू येत होता, दुपारी येसूबाई येत होती. दोघंही त्याला मायेने विचारायची, "काय रे, कवा व्हनार?" आणि तो म्हणायचा, "होईल."

वसुबारसेच्या दिवशी माझ्या पडवीत बसूनच त्याने मॅडमना फोनवर सगळं दाखवलं. एक साईट, जिच्यात फोटो होते पण पाळी नव्हती. दुसरी, जिच्यात पाळी होती पण फोटो नव्हते. तिसरीत नुसतं गावाचं नाव आणि खाली गोल गोल फिरणारं चक्र. एक ना धड, भाराभर चिंध्या. बाई चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रणय, तू कष्ट केलेस ते दिसतंय. पण तीन वेळा का बदललंस?"

मला वाटलं आता तो गावाचं नाव घेईल, माझं घेईल. घ्यायलाच हवं होतं. तो म्हणाला, "माझंच ठरत नव्हतं, मॅडम."

त्यांनी नोकरी दिली. पण ऑफिसात बसून. ज्याचं अजून स्वतःचं ठरत नाही त्याला घरून काम देता येत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

गावाचं काहीच अडलं नाही. दिवाळीचे पाहुणे आले, धाकूच्या दुकानात फोन वाजला, पाळीप्रमाणे खोल्या भरल्या. साईटची आठवण एकदाही कुणी काढली नाही. भाऊबीजेनंतर बैठक बसली, भागोजीला सांभाळण्याच्या विषयावर. घरटी एक दिवस, पाळीने, रात्रीच्या सोबतीसकट. एवढा मोठा ठराव दोन मिनिटांत झाला. कुणी आळी काढली नाही, कुणी रुसलं नाही. येसूबाई तर रडली. अशी माणसं आहेत ही, त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? भागोजीचं नाव वाचलं तेव्हा तो व्हय म्हणाला. प्रणय खुर्चीजवळ खाली बसला होता आणि बापाचा डावा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. त्यामुळे तो हात काय म्हणत होता ते कुणालाच कळलं नाही. मीही विचारलं नाही.

महिन्याभराने प्रणयचा फोन आला. बापाची चौकशी झाली, औषधांची झाली. मी विचारलं, "तिकडे कुठलं फ्रेमवर्क रे?"

त्याने भलतंच चौथं नाव सांगितलं. "पहिल्या दिवशी शेजारच्या मुलीने सांगितलं, आपल्याकडे हे वापरतात. मी म्हटलं बरं. तीन आठवड्यांत हात बसला." मग म्हणाला, "गुरुजी, आतून सगळी सारखीच असतात हो. कुठलंही चाललं असतं. शिमग्याचं तेच राहू दिलं असतं तरी गणपतीच्या आधी झालं असतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

काल माझ्या घराची पाळी होती. गेलो, धाकूबरोबर भागोजीला उचलून अंघोळ घातली, खाटेवर निजवलं. धाकू दुकानाकडे गेला. भागोजी दाराकडे बघत पडला होता, तसा तो हल्ली दिवसभर दाराकडेच बघतो. मी शेजारी स्टुलावर बसलो. म्हटलं, भागोजी, तू तिन्ही वेळा व्हय म्हणालास, आणि निदान एकदा तरी तुझं नाही होतं हे मला कळलं होतं. तुझा हात मी बघितला होता. तरी मी लिहिलं. पोराला तेव्हा एकच शब्द हवा होता, ज्याचं काम त्याला ठरवू द्या, एवढाच. मी बोलू शकलो असतो. माझी वाचा शाबूत होती. माझं चुकलं.

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"व्हय," भागोजी म्हणाला.

मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. हात चादरीवर स्वस्थ पडून होता.